वॉर्डातलं शहाणपण आणि प्राचार्यांची खुर्ची: पॅट्रिशिया बेनर यांच्या दोन पुस्तकांविषयी

आज आपण दोन पुस्तकांबद्दल बोलणार आहोत. पहिलं 1984 सालचं, 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट', म्हणजे नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. दुसरं 2010 सालचं, 'एज्युकेटिंग नर्सेस'. पहिलं पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासिकेचं, दुसरं त्यांनी तीन सहलेखिकांबरोबर लिहिलेलं. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात नर्सिंगची पुस्तकं कशाला, असं काहींच्या मनात आलंच असेल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे, आम्ही तत्त्वज्ञानवाले ज्या कल्पना फळ्यावर मांडून घरी जातो, त्या कल्पना इथे बारा तासांच्या ड्यूटीवर गेल्या आहेत, आणि तिथे त्यांचं काय झालं हे बघण्यासारखं आहे. दुसरं उत्तर अगदी साधं. आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी कुणा सिस्टरच्या हातात पडून राहायचं आहे. त्या हातांना कुणीतरी शिकवलेलं असतं. त्या शिकवणाऱ्यांना कोण घडवतं, आणि त्या संस्थेचं सुकाणू नेमकं कुणाच्या हातात असतं, हा आजचा प्रश्न.

आधी पहिलं पुस्तक. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली एक भेद ठसठशीतपणे मांडला होता. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे ठाऊक असणं वेगळं आणि ती 'कशी करायची' हे येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ करणारा बुडू शकतो, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगेल. पण यातली खरी खोच अशी की दुसरं ज्ञान हे पहिल्याची केवळ अंमलबजावणी नसतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले ह्युबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस हे दोघे भाऊ, एक तत्त्वज्ञ आणि दुसरा गणिताकडून आलेला, यांनी अमेरिकी हवाई दलासाठी 1980 साली एक अहवाल लिहिला. वैमानिक, बुद्धिबळपटू, परकी भाषा शिकणारे लोक कौशल्य कसं कमावतात? त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या; पुढे त्यांची रूढ झालेली नावं अशी: नवशिका, थोडा रुळलेला, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. बेनर यांनी ही शिडी उचलली आणि रुग्णालयात नेऊन उभी केली.

वॉर्डात ती कशी दिसते, हे आपण एक उदाहरण कल्पून बघू या. समजा, रात्रपाळी आहे. पोटाचं ऑपरेशन झालेला एक पेशंट आहे. पहिल्या वर्षाची मुलगी नियमाने चालते: नाडी मोजली, बीपी घेतलं, तापमान लिहिलं, सगळं ठीक. थोड्या रुळलेल्या मुलीला हेही कळतं की हा माणूस दुपारपेक्षा गप्प आहे, पण त्या गप्प असण्याला किती किंमत द्यायची हे तिला ठरवता येत नाही. दोन-तीन वर्षं तेच काम केलेली नर्स रात्रीचं नियोजन करते, कुणाकडे आधी आणि कुणाकडे नंतर हे ठरवते. निष्णात नर्सला आकडे सुटे दिसत नाहीत, सगळी परिस्थिती एकदम दिसते. आणि तज्ज्ञ सिस्टर दारातून नजर टाकते आणि म्हणते, "याच्याकडे लक्ष ठेव गं, मला हा बरा दिसत नाही." कागदावरचे आकडे अजून बिघडलेले नसतात. ते नंतर बिघडतात.

तिला हे कशावरून कळलं? चेहऱ्याचा रंग, अंगाचा ओलसरपणा, पाय पोटाशी घेऊन पडण्याची ढब, असं बरंच काही. पण तिने हे सगळं मोजून बेरीज केली नाही. शेकडो पेशंट पाहून तिची नजरच तशी तयार झाली. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, ते हे. नियम सर्वांसाठी असतात, माणूस मात्र एकेकटा आजारी पडतो. त्या एकट्याच्या बाबतीत आत्ता काय योग्य, हे ओळखणं म्हणजे शहाणपण.

बेनर यांचं मोठेपण असं की त्यांनी हे शहाणपण सिद्धान्त मांडून सिद्ध केलं नाही. त्यांनी परिचारिकांना बोलतं केलं. तुमच्या कामाने फरक पडला असा एखादा प्रसंग सांगा, म्हणाल्या. त्या कथनांतून त्यांनी 31 क्षमता वेचल्या आणि सात गटांत लावल्या. पुस्तकाच्या उपशीर्षकात 'उत्कृष्टता' हा शब्द आहे आणि त्याच्या शेजारी 'सत्ता' हाही शब्द आहे. "डॉक्टरने सांगितलं ते करणारी" अशी जिची व्याख्या केली जात होती, तिच्यापाशी स्वतःचं ज्ञान आहे, असं हे पुस्तक ठामपणे सांगतं. चार दशकं जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत ते शिकवलं जातंय ते उगाच नाही.

आता टीकेकडे वळू. आपली पहिली तक्रार पुस्तकापेक्षा त्याच्या वापराविषयी आहे, पण पुस्तकालाही त्यातून पूर्ण सुटका नाही. पाच पायऱ्या म्हटलं की प्रशासनाला पाच चौकोन दिसतात. चौकोन दिसले की टिकमार्क आलाच. अनेक रुग्णालयांत ही शिडी बढतीची शिडी झाली: इतकी वर्षं झाली, इतकी प्रमाणपत्रं आणली, चढा वरच्या पायरीवर. आता गंमत बघा. बेनर स्वतःच बजावतात की अनुभवी परिचारिकासुद्धा जिथे त्या प्रकारच्या रुग्णांचा तिला अनुभव नाही अशा ठिकाणी गेली, तर ती पुन्हा नवशिकी होऊ शकते. म्हणजे पायरी ही माणसाची नसतेच. माणूस आणि परिस्थिती यांच्या नात्याची असते.

हे विधान शेवटपर्यंत नेलं तर काय निष्पन्न होतं? वॉर्डातली तज्ज्ञ सिस्टर ट्यूटर झाली, की शिकवण्याच्या कामात ती नवशिकी असते. कारण स्वतःला दिसणं वेगळं आणि दुसऱ्याला दिसेल असं करणं वेगळं. उलट जिला सहज दिसतं, तिला ते सांगणं जास्त अवघड जातं. ज्या पायऱ्या ती कधीच ओलांडून गेली, त्या तिला आता आठवतही नाहीत. आणि उत्तम ट्यूटर प्राचार्य झाली, की ती तिसऱ्यांदा नवशिकी होते. अंदाजपत्रक, नेमणुका, विद्यापीठाशी पत्रव्यवहार, रुग्णालयाच्या प्रमुखाशी वाटाघाटी, ही तिसरीच विद्या आहे. शुश्रूषा करणं, शुश्रूषा शिकवणं आणि शुश्रूषेच्या शाळेचं नेतृत्व करणं ही तीन वेगळी कामं आहेत. आपल्या संस्था त्यांना एकच जिना समजतात आणि ज्येष्ठतेची यादी पुढे करतात. मग काय होतं? वॉर्डातून एक चांगली सिस्टर जाते आणि कार्यालयाला एक भांबावलेली प्राचार्य मिळते. भांबावलेला माणूस नियमाला धरून बसतो, कारण नवशिक्याला नियमाचाच आधार असतो. प्राचार्यांच्या कार्यालयातून गणवेश, हजेरी आणि रजिस्टर यांविषयीच इतकी परिपत्रकं का निघतात, याचं एक उत्तर इथे आहे. दोष त्या बाईंच्या स्वभावाचा नाही. त्यांना त्या कामाची उमेदवारी कुणी करू दिली नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बेनर यांच्या 31 क्षमतांमध्ये एक अशी आहे: डॉक्टरांकडून योग्य आणि वेळेवर प्रतिसाद मिळवणं. वाचताना आपण चटकन पुढे जातो. जरा थांबू या. रात्री दोन वाजता पेशंट खालावतोय, आणि डॉक्टरला उठवून, त्याचा राग न ओढवता, त्याला गांभीर्य पटवून, वॉर्डात आणणं हे कौशल्य आहे. आहेच, कुणी नाकारत नाही. पण हे कौशल्य का लागावं? जी नवशिकी आहे, जिला अजून ही कला साधलेली नाही, तिच्या वॉर्डातल्या पेशंटने काय करायचं? इथे संस्थेतला दोष व्यक्तीच्या कौशल्याच्या यादीत जाऊन बसला आहे. वाट खराब असताना चांगलं चालणाऱ्याचं कौतुक करावं, जरूर करावं. पण वाट दुरुस्त करायची की नाही, हा प्रश्न त्या कौतुकाखाली झाकला जातो. बेनर यांचं पुस्तक एकेका परिचारिकेच्या कथेतून बोलतं. ते त्याचं बळ आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे. एकेकटीच्या कथेत व्यवस्था ही फक्त पार्श्वभूमी म्हणून येते.

आपल्या परंपरेत याचं एक रोचक रूप आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुण दिले आहेत: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि शुचिता. बघा, पहिला गुण ज्ञान आहे! सेवाभाव नंतर येतो. मात्र त्याच ठिकाणी या चौघांत वैद्य प्रधान, असंही म्हटलं आहे. चार पायांवर उभी असलेली वस्तू एका पायाला प्रधान कशी म्हणेल, असा प्रश्न तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडायला हरकत नाही. निदान आणि औषधयोजना यांत वैद्य प्रधान, हे मान्य. पण परिचारिकेच्या शिक्षणातही तोच प्रधान असावा, हे त्यातून निघत नाही. प्रत्यक्षात दीर्घकाळ निघत राहिलं, आणि नर्सिंग शिक्षणातल्या नेतृत्वाचा इतिहास म्हणजे हा चुकीचा निष्कर्ष सोडवण्याचा इतिहास आहे.

तो इतिहास थोडक्यात पाहू. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल शाळा सुरू झाली. क्रिमियन युद्धातल्या कामाबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ लोकांनी जमवलेला निधी त्यामागे होता. स्वतंत्र निधी, ही त्या शाळेची खरी क्रांती. पण शाळेची प्रमुख आणि रुग्णालयाची मेट्रन एकच होती, श्रीमती वॉर्ड्रोपर. आता विचार करा: वॉर्डात माणसं कमी पडली की मेट्रनला हात हवे असतात, आणि शाळाप्रमुखाला त्याच वेळी मुलींना वर्गात बसवायचं असतं. एकाच बाईने स्वतःशीच भांडून कोण जिंकणार? बहुतेक वेळा वॉर्ड जिंकतो, कारण पेशंट समोर असतो आणि शिक्षणाचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

पुढे ही गाठ सोडवायला बराच काळ गेला. 1907 साली ॲडलेड नटिंग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापिका झाल्या. 1923 साली गोल्डमार्क अहवाल आला आणि रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षणाचा बळी जातो, हे त्याने उघड केलं. त्याच वर्षी येल विद्यापीठात ॲनी गुडरिच यांच्या नेतृत्वाखाली नर्सिंगची शाळा निघाली. या दोघींनी केलं काय? विद्यार्थिनीचा वेळ कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर बदललं. आमच्या मते शैक्षणिक नेतृत्वाची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खरी कसोटी आहे.

आपल्याकडे 1946 हे महत्त्वाचं वर्ष. दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगचं पदवी शिक्षण सुरू झालं, आणि त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. 1947 साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा 2023 साली संसदेने केला. पण महाराष्ट्रात त्याही आधीचं एक पान आहे. 1909 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी मुलींना, त्यांत विधवाही आल्या, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं. ज्या काळात परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं हेच घरंदाज बाईच्या बदनामीला पुरेसं होतं, त्या काळात. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. वर म्हटलेल्या तीन विद्यांपैकी त्यांच्यापाशी तिसरी होती: शिकणारीसाठी समाजात जागा करून देण्याची. नेतृत्व ही वेगळी विद्या आहे, याला हा घरचा पुरावा.

आता 2010 चं पुस्तक. कार्नेगी प्रतिष्ठानने वेगवेगळ्या व्यवसायांच्या शिक्षणाचा अभ्यास केला, त्यातलं हे नर्सिंगचं. अभ्यासकांनी अमेरिकेतल्या नऊ शाळांना प्रत्यक्ष भेटी दिल्या. निष्कर्ष मननीय आहे: प्रत्यक्ष कामातून आणि नैतिक घडणीत या शाळा बऱ्या आहेत, वर्गातल्या अध्यापनात मात्र कच्च्या. पेशंटपाशी उत्तम शिकवणाऱ्या बाई वर्गात आल्या की स्लाइड वाचून दाखवतात. उपाय म्हणून पुस्तक चार बदल सुचवतं. सुट्या माहितीऐवजी 'आत्ता इथे काय महत्त्वाचं' याची जाण शिकवा. वर्ग आणि वॉर्ड यांतली भिंत पाडा. नुसती 'चिकित्सक विचारसरणी' घोकू नका, रुग्णाच्या बदलत्या अवस्थेबरोबर विचार करायला शिकवा. आणि भूमिकेचा पोशाख चढवण्याऐवजी माणूस घडवा.

पहिले तीन बदल निर्विवाद चांगले. चौथ्यापाशी आपण सावध राहू. 'घडवणं' याला मराठीत पटकन 'संस्कार' म्हणतात, आणि संस्कार म्हटलं की आपल्याकडे मान खाली घालणं आलं. नाइटिंगेल शाळेतही प्रत्येक विद्यार्थिनीचा दर महिन्याला स्वभावाचा तक्ता भरत: वेळ पाळते का, शांत असते का, विश्वासू आहे का, टापटीप कशी आहे. हे गुण वाईट नाहीत. पण 'चुकीच्या आदेशाबद्दल विचारते का' असा रकाना त्यांत असता, तर पुढचं शतक थोडं निराळं गेलं असतं. घडण आणि शिस्त यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. घडलेली विद्यार्थिनी घडवणाऱ्यांना प्रश्न विचारू शकते. नुसती शिस्त लागलेली विचारू शकत नाही. 2010 च्या पुस्तकात शिक्षकांसाठी पानंच्या पानं आहेत. पण भिंत पाडायचा अधिकार शिक्षकाकडे नसतो. वेळापत्रक, नेमणूक आणि रुग्णालयाशी करार ज्यांच्या सहीने होतो, त्यांच्याविषयी हे पुस्तक मानाने फारच कमी बोलतं. शिक्षकांना सांगायचं पोहा, आणि तळ्याची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं नाही, असं काहीसं झालं आहे.

मग नेतृत्वाने करायचं काय? या दोन पुस्तकांचं ऋण मान्य करून, पण त्यांच्या पुढे जाऊन, आपण तीन गोष्टी म्हणू.

पहिली, वेळ राखणं. नजर तयार व्हायला एकाच पेशंटपाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि सोबत जाणती व्यक्ती लागते. आपल्या नियमांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. ते प्रमाण तपासणीच्या दिवसापुरतं आहे की रोज वॉर्डात आहे, हे प्राचार्यांखेरीज कुणाला ठाऊक नसतं. वॉर्डात हात कमी पडले म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुली पाठवा असा निरोप आला, तर "पाठवते, पण सोबत शिक्षिका येईल आणि शिकण्याचा हेतू आधी ठरेल" एवढं म्हणता येणं, हे नेतृत्व.

दुसरी, भाषा. पाठ्यपुस्तक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, केसशीट इंग्रजीत. पण जाणत्या सिस्टरचं ज्ञान मराठीत असतं: पेशंट मलूल झालाय, घाबरा झालाय, गार पडत चाललाय, नजर लागत नाहीये त्याची. हे शब्द म्हणजे शेकडो वर्षांचं निरीक्षण आहे, आणि ते रजिस्टरमध्ये कधीच येत नाहीत. बेनर यांची पद्धत कथनाची होती. मग आपल्या कॉलेजात आठवड्यातून एक तास अनुभवी सिस्टरने आपल्या भाषेत प्रसंग सांगावा, मुलींनी तो उलगडावा, यांना काय दिसलं आणि आपल्याला काय दिसलं नसतं ते विचारावं. याला पैसे लागत नाहीत. ज्या सिस्टरला शोधनिबंध लिहिता येत नाही तिच्याकडे ज्ञान आहे, हे कबूल करण्याची तयारी लागते.

तिसरी, आवाज. नवशिक्या मुलीला "मला बरोबर वाटत नाही" असं म्हणता यावं, आणि ते म्हणण्यासाठी तिला तज्ज्ञ व्हायची वाट बघावी लागू नये. हे एकेकटीच्या धीटपणावर सोडता येत नाही. डॉक्टर आला नाही तर पुढे कुणाला कळवायचं हे ठरलेलं असलं पाहिजे, आणि कळवणारीच्या पाठीशी तिची प्राचार्य उभी राहते हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. जी प्राचार्य स्वतः अधीक्षकांपुढे बोलू शकत नाही, तिच्या विद्यार्थिनी पेशंटसाठी बोलतील, ही अपेक्षा फोल आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पदं रिकामी, पगार कमी, शिकलेल्या मुली परदेशी चाललेल्या, आणि हे तत्त्वज्ञानवाले शहाणपणाची प्रवचनं देताहेत! खरं आहे. रिकामी पदं शहाणपणाने भरत नाहीत, ती सरकारने आणि संस्थाचालकांनीच भरायची. परदेशी जाणाऱ्या मुलीलाही आपण दोष देणार नाही. जिथे तिच्या ज्ञानाला किंमत आहे तिथे ती जाते. पण याच आक्षेपाची दुसरी बाजू बघा. माणसं कमी असतात तेव्हा एकेकीची नजर जास्त मोलाची ठरते. सहा जणी असताना एकीला जे दिसलं नाही ते दुसरीला दिसतं. एकटीच असेल, तर तिला दिसलंच पाहिजे. म्हणून टंचाई हे शिक्षण पातळ करण्याचं कारण होऊ शकत नाही.

बेनर यांनी परिचारिकेचं ज्ञान आपल्याला दाखवलं, याबद्दल त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. ते ज्ञान पुढच्या पिढीकडे जाण्यासाठी संस्था कशी लागते आणि त्या संस्थेच्या प्रमुखाला सत्ता किती लागते, हे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवलं आहे. श्रोत्यांत कुणी नर्सिंग शिकवत असाल, तर तुमच्या कॉलेजात विद्यार्थिनीचा वेळ नेमका कुणाच्या ताब्यात आहे, यापासून चर्चा सुरू करू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.